हळदीचें उत्पन्न आणि प्राप्तिकराचा तंटा

शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरापासून मुक्त आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु अमुक रक्कम शेतीचीच, हें सिद्ध करण्याचा भार आपल्याच शिरावर असतो, याचा पुष्कळांस विसर पडतो.

वसमतच्या बाजारांत नेण्यापूर्वीं आपण हळद शिजवितों, वाळवितों. माल विक्रीयोग्य करण्यासाठीं शेतकरी सामान्यतः जी क्रिया करितो, ती कायदा शेतींतच गणितो. दुसऱ्याची हळद घेऊन विकली, तर मात्र तो नफा व्यापाराचा ठरतो. नांगरणें, पेरणें, लावणें अशी मूळ मशागत जमिनींत झालेली असली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं राजा बिनयकुमार सहास राय यांच्या खटल्यांत घालून दिला.

आकारणी मान्य नसल्यास मागणीची नोटीस पोहोंचल्यापासून ३० दिवसांत विभागाच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागावी. त्यापुढें १९४१ सालीं स्थापन झालेलें प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण आहे. वस्तुस्थितीचा निवाडा बहुधा तेथेंच संपतो. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालय अपील ऐकतें.

महसुली कचेरींत कारकुनी करितांना मीं पाहिलें कीं, कागदावांचून खरेंही खोटें ठरतें. यास्तव सातबाऱ्यावरील पीकनोंद, बियाणें-खतांच्या पावत्या व आडत्याची पट्टी दरवर्षीं एका दप्तरांत बांधून ठेवावी. आतां पीकपाहणी आपणच मोबाईलवर नोंदवावयाची असते. तींत आळस करूं नये. आरंभींच जो पुरावा दाखल झाला नाहीं, त्याची उणीव पुढें नामांकित वकीलही क्वचितच भरून काढूं शकतो.