दोन पुस्तकं, एक पत्रव्यवहार

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. इथं रद्दीचं काय होतं, वेगळं सांगायला नको. परवा मित्राच्या कारखान्यात एका गठ्ठ्यातून ‘जी.एं.ची निवडक पत्रे’चा पहिला खंड डोकावला. कव्हर गायब, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पैसे विचारले तर म्हणाला, “ने की, चार लवंग्या कमी होतील!”

कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे. माणसांत फारसे मिसळत नसत. पण पत्रात? पुस्तकं, सिनेमे, चित्रं, थट्टा... पानंच्या पानं! या खंडातली पत्रं लेखिका सुनीता देशपांडे यांना लिहिलेली.

खरी गंमत पुढं आहे. सुनीताबाईंची जी.एं.ना गेलेली पत्रं ‘प्रिय जी.ए.’ या वेगळ्या पुस्तकात आहेत. गप्पा एकच, पुस्तकं दोन!

मी दोन्ही शेजारी उघडी ठेवतो आणि तारखा बघत एक पत्र इकडचं, एक तिकडचं वाचतो. कधी धागा जुळत नाही, तेव्हा चिडचिड होते. ‘निवडक’ या शब्दावर माझा राग आहे तो त्यामुळंच.

कुठून सुरुवात करायची, खाली विचारा. माझी प्रत तेवढी मागू नका, पानं सुटी झालीत.