लेहला जाताय? मुक्कामांची उंची आधी पाहा

जून लागला की धाराशिव, तुळजापूर, उमरगा भागातले मित्रांचे गट लेह-लडाख किंवा स्पितीच्या मोटारसायकल सहलीला निघतात. पूर्वी यात फक्त कॉलेजची मुले असत, आता पन्नाशीतले व्यापारी, शिक्षकही असतात. चंडीगडपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची बुलेट, सोबत गाइड, मागे मेकॅनिक आणि सामानाची गाडी. थिकसे, हेमिस, दिस्कित हे मठ पाहायचे असतात. स्पितीला गेले तर की मठ आणि इ.स. 996 मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ. तयारी जय्यत असते: जॅकेट, रेनकोट, जादा ट्यूब, गाडीचा विमा.

फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला यातले काही जण आमच्याकडे येतात. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो, ‘रोज रात्री कुठे झोपणार आणि त्या गावाची उंची किती?’ रोजचे किलोमीटर बहुतेकांना पाठ असतात. मुक्कामाची उंची मात्र क्वचितच कुणाला सांगता येते. हिमालयात जिवाशी गाठ पडते ती या आकड्याशी.

धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर. लेह शहर सुमारे 3,500 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. खारदुंग ला ही खिंड सुमारे 5,350 मीटरवर. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, जवळपास 21 टक्के असते. पण उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि हवा विरळ होते. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन लेहमध्ये समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, खारदुंग लावर जवळजवळ निम्मा.

शरीर जुळवून घेते, पण सवडीने

ऑक्सिजन कमी पडताच आपण नकळत जोरात श्वास घेऊ लागतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. म्हणून रोज दहा किलोमीटर पळणाराही इथे सुरक्षित नसतो. व्यायामाने दम वाढतो, पण मूत्रपिंडांचे हे काम लवकर उरकत नाही.

भारतीय डॉक्टरांनी हे मोठी किंमत मोजून शिकले आहे. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी भागातले सैनिक घाईने हिमालयात पोहोचवावे लागले. उंचीमुळे आजारी पडलेल्या 1,925 सैनिकांची निरीक्षणे डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. ते सगळे धडधाकट जवान होते. आज लष्कराचा शिरस्ता असा आहे: सुमारे 2,700 ते 3,600 मीटरच्या टप्प्यात सहा दिवस, त्यापुढे 4,500 मीटरपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार. आपल्या सहली आठ-दहा दिवसांत आटोपतात!

डोकेदुखी लपवू नका

उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून जाणे किंवा चक्कर असेल, तर तो उंचीचाच आजार धरून चालावे. ‘प्रवासाचा शीण’ म्हणून उडवून लावू नये. तिथेच थांबले, विश्रांती घेतली, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. त्रास अंगावर काढत आणखी वर गेले, तर दोन गंभीर प्रकार संभवतात. एकात फुफ्फुसांत पाणी साठते: बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर, कधी गुलाबी फेसाळ थुंकी. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत, रात्री बळावते. दुसऱ्यात मेंदूला सूज येते: माणूस असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. शंका आली तर टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर उजाडायची वाट न पाहता त्याला ऑक्सिजन लावून गाडीतून खाली न्या. हजारभर मीटर उतरल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही गोळीने पडत नाही.

मोटारसायकलवर धोका दुहेरी आहे. ऑक्सिजन कमी पडला की अंदाज चुकतो, ब्रेक दाबायला उशीर होतो. आणि समोर असतो खडीचा घाट, वाहते नाले, गारठलेली बोटे. शिवाय ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणून डोकेदुखी लपवणारा एकजण प्रत्येक गटात असतोच. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा: रोज सकाळी गाइड प्रत्येकाला विचारेल, आणि त्रास असणारा त्या दिवशी गाडीची किल्ली देऊन मागच्या गाडीत बसेल.

वेळापत्रक कसे तपासावे

3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरहून जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी. या फूटपट्टीने मार्ग मोजा. श्रीनगर (सुमारे 1,600 मीटर), कारगिल (2,700), लेह (3,500) हा चढ त्यातल्या त्यात सौम्य. कारगिलला दोन रात्री राहिले तर अधिक चांगले. मनालीहून (2,050) निघून पहिलाच मुक्काम सरचूला (सुमारे 4,300) असेल, तर असा कार्यक्रम नाकारा. स्पितीसाठी शिमला, कल्पा, ताबो, काझा अशी किन्नौरची वाट चढत चढत नेते. मनालीहून कुंझुम खिंडीवरून एका दिवसात काझा गाठणे घाईचे आहे. लेहला विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस शहरातच काढा, गाडीला हात लावू नका. खारदुंग ला ओलांडून नुब्रात उतरता येते, कारण रात्र पुन्हा खालीच जाते. खिंडीवर मात्र फोटो काढा आणि निघा.

आता काही समज-गैरसमज. कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटेच पुरतो. ऑक्सिमीटरवर लेहला सुरुवातीला 90 च्या खाली आकडा दिसणे नवलाचे नाही, आणि गार बोटांवर तो चुकूही शकतो. आकड्याइतकेच माणसाकडे पाहा. अॅसिटाझोलामाइड ही गोळी मूत्रपिंडांच्या त्या कामाला वेग देते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अॅलर्जी असेल तर हे आवर्जून सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा, कारण त्यांनी झोपेतला श्वास मंदावतो.

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब, सिकलसेल, गरोदरपण किंवा पूर्वी उंचीवर झालेला त्रास असेल, तर पैसे भरण्याआधी तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिनही पाहा, ते कमी असेल तर विरळ हवेत धाप लवकर लागते. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगाशी, आतल्या खिशात ठेवावे.

सहल ठरवताना आयोजकाला तीनच गोष्टी विचारा: प्रत्येक मुक्कामाची उंची किती, मोठा ऑक्सिजन सिलिंडर कोणत्या गाडीत आहे आणि रात्री दोन वाजता कुणाला खाली न्यायची वेळ आली तर गाडी कोण चालवणार. उत्तरे चटकन मिळाली, तर खुशाल निघा. नाही मिळाली, तर दुसरा आयोजक शोधा किंवा सहलीत दोन दिवस वाढवा.