मुरूम ते वैमानिक : दहावीनंतरचा रस्ता

मुरूमच्या मुलामुलींसाठी लढाऊ विमानांचे जग फार लांब नाही. शेजारच्या बीदरला हवाई दलाचा तळ आहे. तिथे वैमानिक 'हॉक' विमानांवर शिकतात. मुरूमच्या उमरगा तालुक्यातून जाणारा महामार्ग एका दिशेला पुण्याला, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे (एनडीए), तर दुसऱ्या दिशेला हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या हवाई दल अकादमीकडे नेतो.

दहावीनंतर विज्ञान शाखाच घ्या. एनडीएतून हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. एनडीएची प्रवेश परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. २०२१पासून मुलींनाही ती देता येते. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरात राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७पासून चालू आहे; मुलींसाठी आता अशीच संस्था नाशिकला आहे. प्रवेश दहावीनंतरच्या परीक्षेतून मिळतो. ही सोय गावोगाव पोचायला हवी. कित्येक हुशार मुले तिच्या माहितीअभावीच मागे राहतात.

डोळे मात्र आजच तपासून घ्या. रंगांधळेपणा असेल तर वैमानिक होता येत नाही. उंचीबरोबर पायांची लांबीही मोजतात, कारण कॉकपिटची जागा ठरलेली असते.

निवडीत सर्वांत कसोटीची असते ती संगणकीकृत वैमानिक निवड चाचणी, म्हणजे सीपीएसएस. यंत्रावर हात, पाय आणि नजर यांचा मेळ पाहिला जातो. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर वैमानिकाची वाट बंद होते, पण हवाई दलाच्या तांत्रिक आणि इतर शाखा खुल्या राहतात. म्हणून थकलेल्या, जागरण झालेल्या अवस्थेत तिला सामोरे जाऊ नका.