वस्तऱ्यासाठी चामड्याचा पट्टा कसा निवडावा?

धातूंचा कठीणपणा शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारतो. चामडे पोलादापेक्षा कितीतरी मऊ असते. मग न्हावी चामड्यावर वस्तरा पाजळतो, तेव्हा पोलादाला धार कशी येते? बहुतेक विद्यार्थी म्हणतात, घासून घासून येते. हे उत्तर बरोबर नाही. पट्टा निवडण्याआधी तो नेमके काय करतो हे समजून घ्यायला हवे, नाहीतर तुम्ही दुकानदाराच्या शब्दावर पैसे घालवाल. मी एकदा घालवले आहेत.

धार तयार होते ती दगडावर. पट्टा ती फक्त सांभाळतो. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी एक मायक्रॉनहूनही कमी असते. दाढी करताना इतक्या पातळ कडेचे काही भाग किंचित वाकतात, त्यावर साबणाचे व पाण्याचे अंश राहतात आणि कार्बन पोलाद असेल तर सूक्ष्म गंजही चढतो. चामड्यावरून फिरवल्याने ही कड स्वच्छ व सरळ होते. तुटलेला कण मात्र पट्टा परत आणू शकत नाही. केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ, तरी त्याने धारेचे कण का उडतात, याचा अभ्यास अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी केला आणि तो २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मार्टेन्साइटची रचना सगळीकडे एकसारखी नसणे आणि केस धारेला तिरका वाकणे, अशी कारणे त्यात दिसली. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो लेख जरूर वाचावा.

आता मुख्य मुद्दा. वस्तऱ्याला धारेचा कोन वेगळा धरावा लागत नाही. त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी पृष्ठभागावर टेकतात, म्हणजे कोन वस्तऱ्याच्या घडणीतच ठरलेला असतो. पाठीची जाडी ५ मिमी आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर १६ मिमी धरा. धारेचा पूर्ण कोन सुमारे १८ अंश येतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ९ अंश. वही काढून एकदा पडताळून पाहा. पट्टा पूर्ण सपाट राहिला तर हे ९ अंश कायम राहतात. तो झोळीसारखा खाली गेला, की धारेच्या मागचे चामडे वर वळते आणि कडेला जास्त कोनातून घासते. कड गोल होते. रोज पाजळूनही वस्तरा बोथट होत जातो, अशी तक्रार असते तेव्हा कारण बहुधा हेच असते.

किती वळते, ते काढता येते. पट्टा दोन टोकांना ताणलेल्या दोरीसारखा समजा आणि चामड्याचे स्वतःचे वजन सोडून द्या. मध्यभागी भार ‘भ’ आणि पट्ट्यातला ताण ‘त’ असेल, तर लहान कोनांसाठी दोन्ही बाजूंचा उतार असा येतो:

उतार ≈ भ ÷ (२ × त), रेडियनमध्ये.

यात लांबी कुठेच नाही! लांब पट्टा खोल वाकतो हे खरे, पण उतार तेवढाच राहतो. परीक्षेत विचारण्याजोगी गोष्ट आहे.

आकडे घालू. वस्तरा ६० ग्रॅमचा आहे, हात वरून दाबत नाही, आणि पट्टा २ किलो वजन टांगल्याइतका ताणला आहे. ६० ÷ ४००० म्हणजे ०.०१५ रेडियन, एक अंशाहूनही कमी. ताण अर्धा किलोवर आला, तर उतार जवळजवळ साडेतीन अंश. आता ताण पुन्हा २ किलो करा, पण हाताने ३०० ग्रॅम दाब द्या. ३६० ÷ ४००० म्हणजे ०.०९ रेडियन, पाच अंशांहून जास्त. नऊ अंशांच्या धारेला पाच अंशांची चूक! आमच्या गावचे न्हावीकाका म्हणायचे, “वजन वस्तऱ्याचं, हात नुसता सोबतीला.” त्यांनी गणित मांडले नव्हते, पण उत्तर हेच होते.

यावरून निवडीचा पहिला निर्णय होतो. पट्टे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक टांगायचा, ज्याचे एक टोक हुकाला अडकवतात आणि दुसरे हाताने ताणतात. दुसरा लाकडी फळीवर चिकटवलेला. फळीवरच्या पट्ट्यात झोळ पडण्याचा प्रश्नच नाही, म्हणून वसतिगृहात राहणाऱ्या आणि भिंतीला हुक ठोकायची परवानगी नसलेल्या नवशिक्याला मी फळीच सुचवतो. मात्र फळीवरचे चामडे जाड आणि मऊ असेल तर धार त्यात रुतते आणि परिणाम तोच. दोन-तीन मिमी जाडीचे, घट्ट चामडे बघा. टांगायचा पट्टा घेणार असाल, तर हाताकडच्या टोकाला नीट पकड हवी. कडीतून तो ताणता येतो, निसटत्या चामड्याला नुसते चिमटीत धरून येत नाही.

रुंदी बघताना वस्तरा सोबत न्या. बहुतेक वस्तऱ्यांची धार सुमारे ७ सेंमी लांब असते. पट्टा साडेसात सेंमी रुंद असेल, तर सगळी धार एकदम टेकते. पाच-सहा सेंमीच्या पट्ट्यावर वस्तरा तिरका ओढावा लागतो. ते शिकायला चार दिवस लागतात, पण धार किंचित कमानदार असेल तर अरुंद पट्टाच बरा. रुंद पट्ट्यातली अडचण म्हणजे कमी प्रतीचे चामडे कडांनी वर वळते. त्यावर आडवी पोलादी पट्टी ठेवा आणि उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तो पट्टा परत ठेवा.

चामड्याबद्दल बाजारात फार मोठमोठ्या गोष्टी सांगतात. घोड्याच्या पुठ्ठ्यातून मिळणारे ‘शेल कॉर्डोव्हन’ खरोखर गुळगुळीत आणि महाग असते. विद्यार्थ्याला त्याची गरज नाही. प्राण्याच्या नावापेक्षा कातडे कसे कमावले आहे ते महत्त्वाचे. झाडांच्या सालींनी कमावलेले चामडे ताठ राहते आणि कमी ताणले जाते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले सहसा मऊ व लवचीक असते, ते बूट-जाकिटाला चांगले. कापलेली कड पाहा. मध्ये निळसर राखाडी छटा दिसली तर ते बहुधा क्रोमचे. पोटाकडचे चामडे सैल असते, पाठीकडचे घ्यावे.

आपल्या देशात असे चामडे मिळणे अवघड नाही. कानपूर घोड्याच्या खोगीर-लगामांसाठी प्रसिद्ध आहे, आणि लगामाचे चामडे हे पट्ट्याचे जुने, भरवशाचे चामडे. तमिळनाडूत तरवडाच्या सालीने कातडे कमावण्याची परंपरा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे चामडेही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. चपला बनवणाऱ्या कारागिराकडून सपाट, बिनडागाचा तुकडा मागून घेतला तर फळीवरचा पट्टा घरी करता येतो. माझा सध्याचा तसाच आहे.

त्याआधीचा मी ऑनलाइन घेतला होता. वर ‘अस्सल चामडे’ असा ठसा, चकचकीत काळा रंग. दुसऱ्या महिन्यात वरचा थर खपल्यांसारखा सुटला आणि खाली चामड्याचा भुसा डिंकाने चिकटवलेला निघाला. तेव्हापासून मी कड पाहिल्याशिवाय चामडे घेत नाही. खऱ्या चामड्यात वर दाट थर आणि खाली गुंतलेले तंतू दिसतात.

पृष्ठभागाची खेच, म्हणजे वस्तरा ओढताना हाताला जाणवणारे घर्षण, ही आवडीची बाब आहे. नवशिक्याने मध्यम किंवा कमी खेचीचे चामडे घ्यावे, कारण जास्त खेच असली की हात नकळत दाबतो. दाबल्याने काय होते ते वर पाहिलेच.

किंमत? पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्या, कारण तो तुम्ही कापणार आहात. वस्तरा पाठ पुढे, धार मागे असा ओढायचा असतो, आणि टोकाला पोहोचल्यावर पाठीवरच उलटवायचा असतो. घाईत तो धारेवर उलटतो आणि चामड्यात खाच पडते. उथळ खाच बारीक पॉलिश कागदाने घासून चालते. मधोमध खोल गेली तर पट्टा बदला. घाई कमी झाली की मग चांगला घ्या.

टांगायच्या पट्ट्याला मागे बहुधा जाड सुती किंवा तागाचे कापड असते. आधी त्यावर वीस-तीस वेळा, मग चामड्यावर पन्नास-साठ वेळा, असा साधारण क्रम. कापड नसेल तर जुन्या जीन्सची पट्टी चालते. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट रोजच्या चामड्यावर लावू नका. ती धातू खरवडते, आणि एकदा लागली की निघत नाही. तिच्यासाठी वेगळी फळी ठेवा. खोबरेल तेलही नको, चामडे मऊ पडते. पाजळण्याआधी तळहात चार-पाच वेळा फिरवला तरी पुरतो. कोकणात किंवा केरळात राहणाऱ्यांनी पट्टा न्हाणीघरात टांगू नये, पावसाळ्यात बुरशी येते. आणि वस्तरा खोलीतल्या मित्राला वापरायला देऊ नका. रक्तातून पसरणारे आजार चामड्यावर पुसून जात नाहीत. न्हाव्यांनी ब्लेड बदलायचे वस्तरे घेतले, त्यामागे हेही कारण आहे.