बोटीचा विमा

आमच्या कागलहून समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. तरी शेजारचे निवृत्त गुरुजी सिंगापूरच्या क्रूझसाठी विम्याचे कागद घेऊन आले. खर्च फंडाच्या पैशांतला. ‘हप्ता कमी कुठला?’ एवढाच प्रश्न! मी म्हटले, गुरुजी, आधी रक्तदाबाची गोळी अर्जात लिहा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी नेमका सापडतो. मग भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर आणण्याचा खर्च आहे का, ते पाहा. बोटीवरचा डॉक्टर फुकट नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कोरोनामुळे योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली, सुमारे ३,७०० माणसांसह. विलगीकरणाचे कलमही वाचाच. आणि वाटेत गाडी अडकून विमान चुकले, तर बोट थोडीच थांबते? गुरुजींनी चष्मा पुसला आणि बारीक अक्षरे वाचायला घेतली.