घाटातला 'तो' अपघात खरा की कॉम्प्युटरवरचा? पत्रा चेपतो कसा, ते समजून घ्या

पावसाळ्यातली रात्र होती. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. वळणावर बस कठड्याला धडकते, पुढचा भाग चेपतो आणि गाडी खाली जाते. खाली ओळ होती, 'आपल्या घाटात आत्ताच'. ज्यांची माणसं त्या रस्त्यानं येणार होती, त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. घाटात रेंज नाही, त्यामुळे फोन लागेना. शेजारच्या मावशी तर अनवाणीच दारात येऊन उभ्या राहिल्या.

खोटं कशाला सांगू, मीही बातमीच्या दोन ओळी टाइप केल्या होत्या. पाठवण्याआधी आगारात फोन केला म्हणून वाचलो. गाडी सुखरूप होती. पुतण्यानं व्हिडिओ थांबवून दाखवला, "काका, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बघा की." सीट रिकामी होती. तो कॉम्प्युटर गेम होता.

मग प्रश्न पडला, कॉम्प्युटरवरचा पत्रा इतका हुबेहूब चेपतो कसा?

आधी होती अदलाबदल

कॉम्प्युटरवरची गाडी म्हणजे हजारो लहान त्रिकोणांची जाळी. त्यावर रंग आणि चमक चढवलेली असते. पूर्वीच्या अनेक गेममध्ये एका भागाची दोन रूपं तयार ठेवत, एक धड आणि एक चेपलेलं. धडक बसली की धड काढून चेपलेलं लावायचं. त्यामुळे गाडी कुठूनही आपटली तरी चेप एकसारखाच दिसायचा. बघणाऱ्याला लगेच कळायचं.

आता गाडीच्या आत सांगाडा

नव्या पद्धतीत त्या जाळीच्या आत एक सांगाडा असतो. काहीशे बिंदू आणि त्यांना जोडणारे काही हजार दांडे. प्रत्येक बिंदूला वजन दिलेलं असतं आणि प्रत्येक दांडा स्प्रिंगसारखा वागतो.

हे समजायला बांधावरच्या कुंपणाची तार आठवा. तार थोडी ओढून सोडली तर जागेवर येते. जास्त ओढली तर लांबते आणि तशीच सैल राहते. त्याहून ओढली तर तुटते. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक दांड्याला हेच दोन आकडे दिलेले असतात. किती जोर आला तर कायमचं वाकायचं आणि किती जोर आला तर तुटायचं. बंपरचे दांडे लवकर वाकतात, चासीचे उशिरा. दाराचे दांडे तुटले की दार निखळून पडतं.

धडक बसली की बिंदू सरकतात आणि वरची त्रिकोणांची कातडी त्यांच्यामागे ओढली जाते. तोच आपल्याला दिसणारा चेप. तो आधी कुणी काढून ठेवलेला नसतो, त्या क्षणी हिशोबानं तयार होतो. म्हणून दोन धडका एकसारख्या दिसत नाहीत.

'बीमएनजी ड्राइव्ह' हा जर्मनीतल्या कंपनीचा गेम २०१३ साली आला. तो याच पद्धतीवर चालतो आणि हा हिशोब सेकंदाला २००० वेळा करतो. खेळणारे त्यातल्या धडका रेकॉर्ड करून टाकतात. त्यात काही गैर नाही. खाली आपल्या घाटाचं नाव कुणी लिहिलं की घोटाळा होतो.

हेच गणित जीवही वाचवतं

गाडी बनवणाऱ्या कंपन्याही आधी कॉम्प्युटरवरच गाडी आपटून बघतात. त्यांचं गणित मात्र फार बारीक असतं. गाडीचे लाखो तुकडे करून प्रत्येकावरचा ताण काढतात. एका धडकेचा हिशोब व्हायला कित्येक तास लागतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये 'डायना थ्रीडी' हा प्रोग्रॅम लिहिला. तो शस्त्रांच्या आघाताचा अभ्यास करण्यासाठी होता. पुढे त्यातूनच आलेलं सॉफ्टवेअर मोटार कंपन्या वापरू लागल्या.

पुढचा भाग किती चेपला की आतल्या माणसावर कमी मार येतो, हे त्यातून ठरवलं जातं. चांगल्या गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं असतं, कारण धडकेचा जोर तिथंच जिरवायचा असतो. शेवटी खरी गाडी आपटावीच लागते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'मध्ये समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगानं होते.

ओळखायचं कसं?

- आत माणसं दिसतात का? गेममध्ये बहुतेक वेळा सीट रिकामीच असते.
- मागून येणाऱ्या गाड्या ब्रेक मारतात का? खऱ्या रस्त्यावर माणूस घाबरतो, थांबतो, धावत येतो.
- पत्रा कसा चेपतो? बिंदू थोडे असल्यानं तो कापडासारखा चुरगळतो, थरथरतो. मोठे भाग अख्खे निखळतात, पण सांडलेलं डिझेल किंवा विखुरलेलं सामान क्वचितच दिसतं.
- कॅमेरा कुठं आहे? दरीत पडणाऱ्या गाडीच्या बरोबरीनं तो खाली जात असेल तर संशय घ्या.
- गाड्या कुठल्या बाजूनं चालतात? आपल्याकडे डावीकडून चालतात.

यातल्या एकाच खुणेवर निकाल लावू नका. व्हिडिओ खरा असूनही दुसऱ्या गावचा किंवा जुना असू शकतो. म्हणून आधी आगारात, पोलीस ठाण्यात किंवा त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करा.

त्या रात्री बस उशिरा का होईना, पोचली. मावशींचा मुलगा उतरला तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हतं. मावशींनी मात्र तो एक तास कसा काढला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पुढं ढकलायचं बटण दाबायला एक सेकंद लागतो. त्याआधी दोन मिनिटं थांबून एक फोन करायला काय हरकत आहे?