मुंबई ते लंडन विमानाला किती तास लागतात? तिकीट वाचताना 'ही' चूक करू नका

आपल्या भागातली पोरं-पोरी आता शिकायला, नोकरीला लंडनला जातात. तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि घरात हिशेब सुरू होतो. समजा, उन्हाळ्यातल्या तिकिटावर लिहिलंय: मुंबई १३:३०, लंडन १९:००. म्हणजे दुपारी दीडला निघून संध्याकाळी सातला पोचणार. फक्त साडेपाच तास? लंडन एवढं जवळ आहे का?

अजिबात नाही. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात.

मग हिशेब कुठे चुकला?

तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचायची लंडनच्या. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. लंडनला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे प्रवास झाला दहा तासांचा. पोराचा फोन आठ वाजता आला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

येताना वेळ कमी का?

परतीचा प्रवास बहुतेक वेळा तासभर लवकर होतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं काही जण सांगतात, पण ते खरं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरतच असते. खरं कारण म्हणजे वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना हा वारा विमानाच्या तोंडावर येतो, येताना पाठीमागून ढकलतो. सायकलवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

विमान सरळ का जात नाही?

प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या हिशेबाने आठ तास पुरायला हवेत. पण चढ-उतार आणि धावपट्टीपर्यंतची रांग यात वेळ जातो. शिवाय वळसा घ्यावा लागतो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांसाठी बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतून जायला बंदी घातली. वाट लांबली की इंधन वाढतं, वेळही वाढतो.

सगळ्यात महत्त्वाचं: तारीख

समजा, तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०१:३० आहे. हे दुपारचे दीड नव्हेत, १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे दीड आहेत. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायचं म्हणजे १४ तारखेला रात्री साडेदहालाच विमानतळावर हजर पाहिजे. १५ च्या रात्री गेलात तर विमान आदल्याच रात्री उडालेलं असेल आणि तिकिटाचे पैसेही बुडू शकतात.

पोचायच्या वेळेपुढे '+१' दिसलं, तर विमान दुसऱ्या दिवशी पोचणार असं समजा. गाडी सांगण्याआधी तारीख आणि वेळ घरातल्या दोघांनी मिळून एकदा नीट वाचा.